आरशामागचा उजेड

दार ढकलून ती आत आली तेव्हा माझं बिस्कीट चहात बुडवलेलं होतं. ते तुटून कपाच्या तळाशी गेलं. एवढंच झालं. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या साहेबांना काही कळलं नाही, आणि आमच्या बाजूच्या अंधारात कळण्यासारखं काही नव्हतंही. समोर, काचेपलीकडच्या लख्ख उजेडातल्या खोलीत, पोरं-पोरी टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसत होती. सगळ्यांत शेवटी माझी मुलगी बसली. बॅग मांडीवर घेतली, केस कानामागे सारले. सकाळी घरातून निघताना ती म्हणाली होती, "आज लायब्ररीत आहे दिवसभर." मी म्हटलं होतं, "पाण्याची बाटली घे." ती बाटली आता टेबलावर उभी होती. झाकणाला चीर गेलेली, आमच्या घरातली बाटली. चेहऱ्यापेक्षा मी त्या बाटलीकडेच जास्त वेळ बघत राहिलो असेन.

आमचा धंदा सांगायला सोपा आणि ऐकायला जरा वाईट आहे. कोणाला काही विकायचं असेल तर ते आमच्याकडे येतात. आम्ही माणसं बोलावतो, त्यांना चहा पाजतो, एक गोड बोलणारी बाई त्यांना बोलतं करते, आणि भिंतभर पसरलेल्या आरशामागे बसून आम्ही ते ऐकतो. त्यांना आरसा दिसतो, आम्हाला ती दिसतात. बोलणं रेकॉर्ड होतं हे त्यांना सांगतात. आरशामागे कोण आहे ते सांगत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही. आजवर आम्ही साबण, विमा, लहान मुलांचे बूट, म्हाताऱ्यांच्या काठ्या असं सगळं ऐकलं. त्या दिवशी विकायचा माल होता एक विषय. एका कॉलेजला आपल्या मार्केटिंगच्या शाखेत मुलं कमी पडत होती. पहिल्या वर्षानंतर मुलं विषय निवडतात, ती मार्केटिंग का निवडत नाहीत, कशानं निवडतील, कशाला घाबरतात, हे त्यांना हवं होतं. म्हणजे विकायला शिकवणारा विषय त्यांना विकता येत नव्हता. दिव्याखालीच अंधार, असं मी सकाळीच आमच्या ताईला म्हणालो होतो. ताई म्हणजे ती गोड बोलणारी बाई. ती हसली होती.

नियम असा आहे की या धंद्यातल्या माणसाच्या घरचं कोणी त्या टेबलावर बसता कामा नये. माणसं गोळा करणारी आमची एक बाई, तिला सगळे मावशी म्हणतात, फोनवरच पहिला प्रश्न तो विचारते, "घरात कोणी मार्केटिंगमध्ये, जाहिरातीत आहे का?" होय म्हणालं की मावशी आभार मानून फोन ठेवते. म्हणजे माझी मुलगी नाही म्हणाली होती. मी दार उघडून ताईला खूण करायला हवी होती. ताईनं काहीतरी कारण काढून तिला बाहेर पाठवलं असतं, साहेबांची मी माफी मागितली असती आणि सगळं मिटलं असतं. मी उठलो नाही. खरं कारण सांगायचं तर मला ऐकायचं होतं. दोन महिने घरात तोच एक विषय तुंबून राहिला होता. सोमवारी तिला काय घेणार ते कॉलेजात सांगायचं होतं. विचारलं की ती म्हणायची, "बघते." पुन्हा विचारलं की म्हणायची, "बाबा, बघते म्हटलं ना." तिनं मार्केटिंग घेऊ नये असं मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, पण त्याच धंद्यावर तिचं दूध, वह्या आणि दात सरळ करायच्या तारा झालेल्या. त्यामुळे तोंड उघडायला मला जागा नव्हती. घरी जे ती मला सांगत नव्हती ते इथे आपोआप कानावर पडणार होतं. मी कपातलं बिस्कीट चमच्यानं शोधत बसून राहिलो.

ताईनं सुरुवात केली. एकेकानं आपली ओळख करून द्यायची. टोपीवाला मुलगा, मोठ्या कानातल्यांची मुलगी, सतत पाय हलवणारा एक जण. मग माझ्या मुलीची पाळी आली. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. इथे ती इतकी स्थिर बसली होती की मला ती कोणीतरी दुसरीच वाटली. तिनं नाव सांगितलं ते तिचं नव्हतं. मग ती म्हणाली, "घरी या लाइनमधलं कोणी नाही. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात." आवाज जराही हलला नाही. वजनकाटे माझे वडील दुरुस्त करायचे. दुकानादुकानांतून काटे उचलून आणायचे, आमच्या पुढच्या खोलीत जमिनीवर मांडायचे आणि पितळेचं पारडं बोटानं हलकंच टेकवून बघत बसायचे. भिंगरी दोन-तीन वर्षांची असताना ते तिलाच पारड्यात बसवायचे. ती फार लहान असताना ते गेले. तिला ते आठवत असतील असं मला वाटलं नव्हतं. आता तिनं त्यांना उचलून माझ्या जागी ठेवलं होतं, आणि मी कुठेच नव्हतो. मला राग यायला हवा होता. मला फक्त गार वाटलं, पायांपासून वर.

वडिलांना माझं शिक्षण कधीच पटलं नाही. मी कॉलेजात हा विषय घेतला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करायचं असतं?" मी म्हटलं, "लोकांना काय हवंय ते ओळखायचं." ते म्हणाले, "ते त्यांनाच विचारलं तर?" पुढे मला पहिली नोकरी लागली, पगार त्यांच्या कमाईपेक्षा जास्त होता, तेव्हा ते हसून म्हणाले, "बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. तू माती घेऊन निघालास, सांभाळून जा." त्यात टोमणा होता की काळजी हे मला ठरवता आलं नाही. नोकरीतल्या पहिल्या साहेबांनी एकच गोष्ट शिकवली. माणसाला प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. हसायचं नाही, मान हलवायची नाही, फक्त थांबायचं. शांतता कोणालाच सोसत नाही. समोरचा ती भरायला लागतो, आणि भरता भरता दुखरी नस आपणहून तुमच्या बोटाखाली आणून ठेवतो. मग "अजून काही?" असं मऊपणे विचारायचं. पहिलं उत्तर तो लोकांसाठी देतो, साहेब म्हणायचे, दुसरं स्वतःसाठी, आणि "अजून काही?" नंतर येतं ते विकत घेण्यासारखं असतं. मला हे जमलं. इतकं जमलं की थांबणं माझ्या अंगात मुरलं. बायकोशी भांडण झालं की मी थांबतो. ती शेवटी म्हणते, "माझ्यावर नको हं तुझे प्रयोग." ती फिजिओथेरपिस्ट आहे. तीही माणसांच्या पाठीवर बोट दाबून "इथे दुखतंय का?" विचारते. पण होय म्हटलं की ती तिथे उपचार करते.

भिंगरीवर मी प्रयोग केले का? घरात नमुने यायचे, हे खरं. दोन वेष्टनं, दोन रंग, दोन चवी. मी तिच्यापुढे ठेवायचो आणि म्हणायचो, "कुठलं आवडलं?" ती एकाकडे हात न्यायची. "का गं?" ती सांगायची. लाडाकोडातला खेळ होता तो, कुठल्या बापानं लेकीला बिस्किटं दिली नाहीत? पण एक दिवस, असेल सहा-सात वर्षांची, तिनं हात पुढे केलाच नाही. माझ्याकडे बघत राहिली. हात डावीकडे नेला, थांबली, माझे डोळे बघितले. उजवीकडे नेला, पुन्हा बघितले. मग बरोबर तेच उचललं जे मला निवडून यायला हवं होतं. मी कौतुकानं बायकोला हाक मारली. बायको म्हणाली, "खाण तशी माती." आम्ही दोघं हसलो. त्याच सुमाराला एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिला इथे, याच खोलीत आणलं होतं. तिला अंधारात बसवलं आणि पलीकडे जाऊन आरशासमोर तोंडं वेडीवाकडी केली. मग जागा बदलल्या. मी अंधारात आलो, ती उजेडात नाचली. मग तिला पुन्हा अंधारात यायचं होतं. मी पलीकडे उभा असताना तिनं माझ्या पिशवीतली बॅटरी काढली आणि हनुवटीखाली धरून लावली. आरशात माझ्या चेहऱ्याच्या जागी अचानक तिचा चेहरा उमटला, पिवळा, खालून उजळलेला. मी दचकून मागे सरलो. ती आतून ओरडली, "बाबा घाबरले!" घरी येताना मी तिला समजावलं होतं की आरशामागे अंधार असेल तरच आरसा आरसा राहतो. आतल्यानं उजेड केला की तो पकडला जातो.

पलीकडे बोलण्याची गाडी नोकऱ्यांवर आली होती. टोपीवाला म्हणाला, "मार्केटिंगला स्कोप आहे हो, कुठल्याही कंपनीला विकायला माणूस लागतोच." पाय हलवणारा म्हणाला, "माणूस कशाला? आता मशीनच जाहिरात लिहितं, मशीनच कोणाला दाखवायची ते ठरवतं. आपण डिग्री घेऊन येईपर्यंत शिल्लक काय राहणार?" मोठ्या कानातल्यांची मुलगी म्हणाली, "माझा मामा म्हणतो, मार्केटिंग म्हणजे उन्हातान्हात दारोदार फिरणं." सगळे हसले. साहेब अंधारात माझ्या कानाशी म्हणाले, "हे मामा लोक आमचं वाटोळं करतात." मी हं म्हटलं. पाय हलवणाऱ्याचं म्हणणं मला लागलं होतं. आमच्याकडे गेल्याच महिन्यात एक यंत्रणा आणून बसवली होती. अशा चर्चांचं रेकॉर्डिंग तिच्यात टाकलं की कोण कुठे अडखळला, कुठे आवाज चढला, ते सगळं ती काढून देते. आमच्या व्यवस्थापकानं मला खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमच्या अनुभवाला पर्याय नाही." असं कोणी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पर्याय येऊन बसलेला असतो, एवढं मला कळतं. माझ्या लेकीनं ज्या घरात राहायला जायचं म्हणून विचार चालवला होता त्याचे पोखरलेले वासे मी आतून बघत होतो.

ताईनं विचारलं, "मार्केटिंग हा शब्द ऐकला की मनात काय येतं? पहिलं जे येईल ते." कोणी पगार म्हणालं, कोणी मोबाइल. भिंगरी म्हणाली, "कोणीतरी बघतंय असं वाटतं." ताई थांबली. उत्तम थांबते ती, मीच शिकवलंय. भिंगरीही थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि टेबलावरचे बाकीचे चुळबुळ करायला लागले. शेवटी ताईलाच विचारावं लागलं, "म्हणजे कसं?" माझ्या इतक्या वर्षांत ताई पहिल्यांदा हरली होती. भिंगरी म्हणाली, "म्हणजे आपण दोनातलं एक उचललं की कुठेतरी कोणाला तरी आनंद होतो. तो आनंद आपल्यासाठी नसतो." साहेबांनी कपाळाला आठी घातली. हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. पण ताईनं घरचे काय म्हणतात असं विचारताच भिंगरी किंचित पुढे झुकली. "बाबा म्हणतात, भरलेल्या काट्याकडे सगळेच बघतात, तू रिकाम्या काट्याकडे बघायला शीक. मला वाटतं, माणसं तशीच बघायला हवीत. म्हणून हा विषय." साहेबांनी खुर्चीतच उडी मारली. "हे, हे वाक्य!" ते कुजबुजले. "हे आपल्याला वापरता येईल का?" माझे वडील काय म्हणायचे ते मला आठवत होतं. "काटा आधी रिकामा बघावा." एवढंच, आणि ते फक्त काट्याबद्दल म्हणायचे. तिनं ते उचलून धुऊन पुसून चकचकीत केलं होतं. कुठला शब्द पुढे, कुठला मागे, सगळं मला हवं होतं तसंच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मी पाळण्यात नीट बघितलं नव्हतं, किंवा फारच नीट बघितलं होतं.

मग चहाची सुट्टी झाली. बाकीची पोरं उठून खिडकीशी गेली. ती बसून राहिली, फोन काढला, टेबलाच्या कडेखाली धरून काही टाइप केलं. माझ्या मांडीवरचा फोन उजळला. तिचा मेसेज होता. "बाबा, कुठे आहात?" मी विचार करायला हवा होता. इतक्या वर्षांचा माणूस, शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी फोन बंद करायला लावणारा. पण बापाचा हात पुढे गेला. मी फोन तोंडासमोर धरून लिहिलं, "मीटिंगमध्ये. का गं?" साहेब घाईनं म्हणाले, "अहो, उजेड! पलीकडून दिसतं म्हणतात ना?" मी फोन छातीशी दाबला. समोर भिंगरीनं मान वर केली होती. ती आरशात बघत होती. केस सारखे करायला बघतात तसं, पण तिचा हात केसांकडे गेला नाही. तिची नजर नेमकी मी बसलो होतो तिथे होती, जरा खाली, फोन असतो तेवढ्या उंचीवर. ती बघत राहिली. माझा फोन छातीवर पुन्हा थरथरला. मी तो बघितला नाही. आपल्याला काही दिसलं असं तिनं कशातूनच दाखवलं नाही. चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःला म्हटलं. मग बाकीचे परत आले आणि ती त्यांच्याशी हसून बोलायला लागली.

घरी जाताना मी दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक होते. त्यातल्या दोन-तीन वाक्यांचा बाप मी आहे हे मला पूर्वी चालता चालता आठवायचं आणि बरं वाटायचं. आज मला दिसत होतं ते पुढच्या वर्षी इथे लागणार होतं, मोठ्या अक्षरांत, एका हसऱ्या अनोळखी मुलीच्या चेहऱ्याशेजारी, माझ्या वडिलांचं वाक्य. पण मला भीती त्याची नव्हती. मला भीती वाटत होती की यापुढे माझी मुलगी मला काही सांगेल तेव्हा ते खरं आहे की मला हवंय म्हणून सांगितलंय हे मला ओळखता येणार नाही. सगळ्या शहराचं खोटं ओळखून मी पोट भरलं आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर मी आंधळा होणार होतो. फोन काढून तिचा दुसरा मेसेज बघितला. "काही नाही. सहज."

जेवताना तिन्हीसांजेचा उजेड खिडकीतून जात होता आणि बायकोनं दिवा लावला. काचेत आमचं टेबल दिसायला लागलं. बायको तिच्या एका पेशंटच्या गुडघ्याबद्दल सांगत होती. भिंगरीनं ताट बाजूला सारलं, फोन पालथा ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, सोमवारी सांगायचंय. काय घेऊ?"

आणि ती थांबली. मला ते थांबणं ओळखता येत होतं. हसणं नाही, मान हलवणं नाही. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती थांबलीच होती. बायकोनं दोघांकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला. मी म्हणालो, विषय वाईट नाही, नोकऱ्या आहेत, पण कशा राहतील सांगता येत नाही. मी म्हणालो, कष्टाचं काम आहे. मी म्हणालो, तुझ्या आजोबांना ते पटलं नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर मला ऐकू येत होतं की मी विकतोय. नको म्हणणंसुद्धा मी असं मांडत होतो की तिनं ते घ्यावं. शेवटी मी म्हणालो, "आज मी आरशामागे होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसला आरसा?" बायकोनं विचारलं. भिंगरीनं माझ्यावरची नजर काढली नाही.

"तुमच्या त्या मावशीचा फोन आला तेव्हाच पत्त्यावरून कळलं. तुम्ही असाल म्हणूनच मी आले. आणि उजेड व्हावा म्हणूनच मेसेज केला." ती शांतपणे सांगत होती. "चेहरा दिसला तुमचा. निळा दिसत होता. तुम्ही मीटिंगमध्ये म्हणून लिहीत होतात."

"मग नाव खोटं, आजोबा, ते सगळं..."

"ते तुमच्यासाठी होतं. मला वाटलं, एवढं ऐकल्यावर तुम्ही उठून बाहेर याल. माझा हात धरून मला घरी न्याल. ओरडाल तरी." तिनं ग्लास थोडा फिरवला. "मी मनात ठरवलं होतं, बाबा बाहेर आले तर हा विषय घ्यायचा नाही. काय म्हणाल ते घेईन. चहाच्या सुट्टीत मी थांबले होते. तुम्ही आला नाहीत."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. किंवा दिव्याचा उजेड होता. मी बघत होतो. खालचा ओठ, श्वास, पापण्यांची लय, बोटं, जे जे बघायला मी शिकलो आणि शिकवलं ते सगळं बघत होतो, आणि मला काहीही सापडत नव्हतं. हे खरं असेल तर मी माझी लेक त्या अंधारात बसून घालवली होती. खोटं असेल तर तिनं माझी दुखरी नस अशी अचूक शोधली होती की तिला कुठल्याच कॉलेजची गरज नव्हती. हे खरं आहे का, असं मी तिला विचारू शकत होतो. तिनं जे काही उत्तर दिलं असतं ते मला कळलं नसतं.

"भिंगरे," मी म्हणालो.

तिनं थोडा वेळ जाऊ दिला. मग जरा पुढे झुकून, अगदी मऊ आवाजात तिनं विचारलं, "अजून काही?"

आणि ती थांबली. खिडकीच्या काचेत आम्ही तिघं उजेडात बसलेलो दिसत होतो. काचेपलीकडे अंधार पडला होता, तिथून कोणाला बघायचं असतं तर आम्ही स्वच्छ दिसलो असतो. मी ओठ घट्ट मिटून धरले. शांतता कोणालाच सोसत नाही हे मला माहीत होतं. मी बोलायला लागलो.